पोत द्यायचा तर बादलीला

हल्ली बाल्कन्यांमध्ये नक्षीदार कुंड्या बऱ्याच दिसू लागल्या आहेत. पुट्टीचा थर, त्यावर कंगव्याच्या रेघा नाहीतर स्पंजाचे ठसे, वरून रंग. हौस चांगली आहे, ती वाढावी असं मला मनापासून वाटतं. पण बहुतेक जण ही सजावट नेमकी नको त्या कुंडीवर करतात, कुंभाराकडच्या लाल मातीच्या कुंडीवर.

भाजलेली माती सच्छिद्र असते. आतला ओलावा झिरपून बाहेर येतो, उडून जातो आणि मुळांना गारवा मिळतो. माठातलं पाणी गार होतं ते याच गुणामुळे. बाहेरून पुट्टी आणि ऑइलपेंट चढवला की ही वाट बंद होते. मुळं जास्त वेळ ओलीत राहतात आणि आतून रेटणारा ओलावा थरालाच उचलतो. आधी बुडाशी फुगवटा, मग पांढरे क्षार, मग पोपडे. मातीच्या कुंडीला नटवायचंच असेल तर गेरू आणि चुना घ्या. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कडक होतो, तरी ओलावा अडवत नाही. तुळशीच्या लग्नाआधी वृंदावनाला गेरू-चुन्याचा हात देतात, तोच इथेही पुरे.

पोत द्यायला खरी लायक वस्तू म्हणजे रंगाची रिकामी वीस लिटरची बादली. तिच्यात कढीपत्ता, मोगरा, जास्वंद छान येतात. प्लास्टिकमधून काही झिरपतच नाही, त्यामुळे वरून थर दिल्याने झाडाचं काही बिघडत नाही. उलट उन्हाने तडकणाऱ्या प्लास्टिकला आडोसा मिळतो.

बुडाला ड्रिलने पाच-सहा भोकं पाडा, बाहेरची बाजू पॉलिश पेपरने खरबरीत करा. नुसती पुट्टी इथे टिकत नाही, कारण बादली दबते आणि थर तडकतो. त्यापेक्षा जुनं गोणपाट घ्या, भिजवून पिळा आणि इडलीच्या पिठाइतक्या दाट सिमेंटच्या घोळात बुडवून बादलीभोवती गुंडाळा. वरची कड आत तीन-चार बोटं दुमडा. सिमेंट गुळगुळीत प्लास्टिकला धरत नाही, ही दुमडच सगळं पेलते. सुतळीने आवळाल तिथे विणीची चौकट उमटेल, सैल सोडाल तिथे चुण्या पडतील. हातात रबरी मोजे हवेतच, ओलं सिमेंट कातडी जाळतं. नंतर बादली सावलीत ठेवा आणि आठवडाभर पाणी मारत राहा. सिमेंट नुसतं वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी त्याची प्रक्रिया होते तेव्हाच ते पक्कं होतं. गडबडीत उन्हात ठेवलेली कुंडी नखाने खरवडली तरी भुकटी सुटते.

रंग द्यायचाच तर ब्रश बुडवून कागदावर जवळजवळ कोरडा पुसा आणि मग हलक्या हाताने फिरवा. रंग फक्त उंचवट्यांना लागतो, खळगे करडेच राहतात आणि विणीचा धागा न् धागा दिसू लागतो. मला मात्र सिमेंटचा मूळ करडा रंगच अधिक आवडतो. कढीपत्त्याचा हिरवा त्याच्यापुढे उठून दिसतो.

ओल्या मातीसकट ही बादली भलतीच जड होते. खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवू नका आणि कठड्यावर तर अजिबातच नको. भिंतीलगत दोन विटांवर ठेवा, म्हणजे खालची भोकंही मोकळी राहतील.