कमानीवरचं नाव आणि पावतीवरचा आकडा
बारावीच्या पालकांसाठी पत्रक

बारावीचा निकाल लागला की एसटी स्टँडसमोर फ्लेक्स चढतात. काचेची इमारत, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली हसरी मुलं आणि खाली ‘शंभर टक्के प्लेसमेंट’. फीचा आकडा त्या फ्लेक्सवर नसतो. तो समुपदेशनाच्या नावाखाली एसी खोलीत बसवून, चहा पाजून सांगितला जातो. तोवर पोरगं मनाने त्या इमारतीत राहायला गेलेलं असतं आणि बाप जमिनीचा कुठला तुकडा विकावा लागेल याचा हिशेब करत असतो. हे पत्रक त्या खोलीची पायरी चढण्याआधी वाचायचं आहे.

पहिला घोळ ‘विद्यापीठ’ या शब्दाचाच. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 खाली येणारी विद्यापीठं वेगळी. त्यात 1857चं मुंबई आहे, 1962चं शिवाजी आहे आणि 2011चं गडचिरोलीचं गोंडवानाही आहे. स्वतंत्र कायदे करून उभी राहिलेली स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वेगळी. आणि अभिमत (डीम्ड) तिसरीच. अभिमत संस्थांनी नावापुढे ‘युनिव्हर्सिटी’ लावू नये, असं सर्वोच्च न्यायालयाला 2017 साली सांगावं लागलं, यावरून गोंधळ किती पिकला होता ते कळावं. गंमत अशी, की पुण्याचं डेक्कन कॉलेजही 1990 पासून अभिमतच आहे. पण त्याला सरकारी अनुदान आहे आणि पुरातत्त्व शिकायचं तर त्याच्या तोडीची जागा देशात शोधावी लागेल. तेव्हा पाटीवरून काही ठरत नाही. संस्था कोणाच्या पैशावर चालते, हे विचारल्याशिवाय पुढे सरकू नये.

दुसरा घोळ एकाच कमानीच्या आतला, आणि तो जास्त महाग पडतो. गावातलं जुनं, नावाजलेलं, अनुदानित कॉलेज. तिथली भौतिकशास्त्राची बीएस्सी अनुदानित तुकडीत असते. तिच्या शिक्षकांचा पगार सरकार देतं. त्याच मजल्यावर, चार खोल्या सोडून, संगणकशास्त्राची बीएस्सी किंवा बीबीए विनाअनुदानित असते. तिचा बहुतेक खर्च मुलांच्या फीमधून निघतो. विद्यापीठ तेच, पदवीवरचा शिक्का तोच, फी मात्र कैक पट. पालक ‘कॉलेज सरकारी अनुदानाचं आहे ना?’ एवढं विचारतात, खिडकीवरचा कारकून ‘हो’ म्हणतो. तो खोटं बोलत नसतो. प्रश्न अपुरा असतो. तुकडी अनुदानित आहे का, हे विचारायला हवं होतं.

एखादी जुनी पावती मागून घ्यावी आणि ओळीओळीने वाचावी. शिक्षण शुल्क, प्रयोगशाळा, ग्रंथालय, जिमखाना, विद्यार्थी कल्याण निधी, ओळखपत्र, अनामत. कुठे ‘अश्वमेध’ अशीही ओळ असते. ती विद्यापीठांच्या क्रीडा महोत्सवाची, घोडा कुठे दिसत नाही. यातली अनामत परत मिळते, आणि पदवी घेऊन बाहेर पडलेले कित्येक जण ती मागायलाच जात नाहीत.

मुलींच्या पालकांनी तर जुलै 2024चा शासन निर्णय घरी छापून ठेवावा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि मुलगी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, एसईबीसी किंवा ओबीसी प्रवर्गातली असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट अशी, की प्रवेश राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच (कॅप) हवा. व्यवस्थापन कोट्यात ही माफी मिळत नाही. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठातही मिळत नाही. म्हणजे ‘फेऱ्यांची वाट कशाला बघता, आजच सीट बुक करा’ असं सांगणारा एजंट त्या मुलीची अख्खी माफी एका सहीत घालवतो. याला सल्ला म्हणायचं?

आता आवडीचं. इथे सार्वजनिक विद्यापीठांची श्रीमंती आहे आणि तिची जाहिरात कोणी करत नाही. नाटक करायचं आहे? छत्रपती संभाजीनगरचा नाट्यशास्त्र विभाग आहे, पुण्याचं ललित कला केंद्र आहे. रंग आणि तेलाचं तंत्रज्ञान शिकायचं तर जळगावच्या विद्यापीठाची रासायनिक तंत्रज्ञान संस्था आहे. नागपूरची लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था 1942 पासून आहे आणि आता स्वतंत्र विद्यापीठ झाली आहे. संस्कृतसाठी रामटेकचं विद्यापीठ. सावंतवाडीच्या मुलाला सागरविज्ञानाची ओढ असेल, तर मुंबईपेक्षा ताळगावच्या पठारावरचं गोवा विद्यापीठ कितीतरी जवळ आहे. बाहेरच्यांसाठी जागा किती, ते मात्र आधी पाहावं. शेतीसाठी राहुरी, अकोला, दापोली, परभणी अशी 1968 ते 1972 या चार वर्षांत उभी राहिलेली चार कृषी विद्यापीठं आहेत. त्यांची स्वतःची महाविद्यालयं आणि त्यांना संलग्न खाजगी महाविद्यालयं एकच पदवी देतात. फीची तुलना करायला एक दुपार पुरते.

यातले अनेक विभाग पदव्युत्तर आहेत, आणि हीच सोय आहे. पदवी घराजवळच्या अनुदानित तुकडीत घ्यावी, सकाळचा डबा घरचा खावा आणि वाचलेला पैसा एमए-एमएस्सीला, त्या विषयाच्या खऱ्या विभागात जाण्यासाठी ठेवावा. अठराव्या वर्षीच पुणे गाठलं नाही तर आयुष्य फुकट गेलं, ही समजूत खोलीमालकांच्या फायद्याची आहे. फी माफ झाली तरी भाडं आणि खानावळ माफ होत नाही. म्हणून विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा किती आणि ‘कमवा व शिका’ योजनेत काम मिळतं का, हे दोन प्रश्न फीइतकेच मोठे आहेत.

गुणांबद्दल थोडक्यात. केंद्रीय विद्यापीठांत 2022 पासून सीयूईटी ही प्रवेश परीक्षा आहे. बारावीचे टक्के बहुतेक ठिकाणी पात्रतेपुरते उरले. त्यामुळे 62 टक्क्यांच्या मुलालाही दार बंद नाही, आणि नांदेडहून हैदराबादचं केंद्रीय विद्यापीठ पुण्यापेक्षा जवळ आहे. राज्याच्या केंद्रीय फेरीत गेल्या वर्षीचा कटऑफ आपल्या प्रवर्गाचा आणि फेरीनिहाय बघावा. पहिल्या पसंतीची जागा लागली की पुढची फेरी नाही, तेव्हा पहिला पर्याय शेजाऱ्याला विचारून भरू नये.

सार्वजनिक म्हणजे सगळं गोड, असं इथे कोणी म्हणत नाही. मुंबई विद्यापीठाने 2017 साली उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि कुलगुरूंना पदावरून जावं लागलं. अनेक विभाग तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या खांद्यावर उभे आहेत. म्हणून विभागात कायम शिक्षक किती, हे तोंडावर विचारावं. नुसत्या क्रमवारीवर विसंबू नये. ती बहुधा पूर्ण विद्यापीठाची असते, पोराला शिकायचं असतं एका विभागात.

मागणी एकच आहे. रेशन दुकानाला भाव आणि साठ्याचा फलक लावावा लागतो. तसाच फलक प्रत्येक सार्वजनिक विद्यापीठाने आणि संलग्न महाविद्यालयाने बारावीच्या निकालाच्या दिवशी दारात लावावा: तुकडी अनुदानित की विनाअनुदानित, एकूण फी, परत मिळणारी अनामत, वसतिगृहाच्या जागा, कायम शिक्षक. मराठीत, ठळक अक्षरांत. जिथे तो नसेल तिथे पालकांनी हीच माहिती लेखी अर्जाने मागावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नये.