सरळ चाक

सायकल खड्ड्यात आदळली, की पुष्कळदा तिचे चाक डुलत फिरू लागते आणि त्याची रिम एका ठिकाणी ब्रेकच्या रबराला घासते. सायकलच्या दुकानात अशा वेळी ‘चाक आऊट झाले’ असे म्हणतात, आणि ते सरळ करण्याच्या कामाला ‘आऊट काढणे’. जेथे चाक वाकडे दिसते तेथील तार आवळली, की काम झाले, अशी बहुतेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. चाक सरळ राहते ते एका तारेच्या जोरावर नव्हे. सर्व तारांनी ताण सारखा वाटून घेतला, तरच ते टिकते.

बैलगाडीच्या चाकातील जाड लाकडी आरे भार तोलून धरतात. सायकलची तार जेमतेम २ मिलिमीटर जाडीची. तिच्यावर तसा भार टाकला, तर ती तत्काळ वाकेल. म्हणून ती आधीच ताणून बसवितात. माणूस सायकलवर बसला, की तळाच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, पण पुरेशी ताणलेली तार सैल पडत नाही. या तारा तिरप्या गुंफण्याच्या रचनेचे पेटंट इंग्लंडमधील जेम्स स्टार्ली याने १८७४ साली घेतले. जुन्या धाटणीच्या काळ्या सायकलला पुढे ३२ व मागे ४० तारा असतात. निम्म्या तारा रिमला उजवीकडे ओढतात, निम्म्या डावीकडे. या ओढाओढीतूनच चाकाचा समतोल साधतो.

समजा, चाक डावीकडे झुकले आहे. घाईचा कारागीर उजवीकडची एकच तार करकचून आवळतो. चाक सरळ दिसते आणि गिऱ्हाईक समाधानाने घरी जाते. परंतु आता त्या तारेवर भलताच ताण असतो आणि शेजारच्या तारा सैल असतात. सैल तार चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ढिली पडते व पुन्हा ताणली जाते. असे हजारो वेळा झाले, की हबजवळच्या वळणाशी ती तुटते. मग चाक पुन्हा आऊट होते.

जाणत्या कारागिराची रीत वेगळी असते. तो चाक हळूहळू फिरवतो आणि रिमजवळ खडू धरून दोषाची जागा नेमकी शोधतो. तेथील डावीकडच्या तारा चावीने पाव फेरा सैल करतो, उजवीकडच्या तेवढ्याच आवळतो आणि पुन्हा चाक फिरवून पाहतो. मग तो बोटाने तारा छेडतो. ताणलेली तार उंच स्वर देते, सैल तार खालचा. एका बाजूच्या तारांचे स्वर जुळले, म्हणजे त्यांचा ताण सारखा झाला. रिमच दुमडली असेल, तर मात्र तो तारांवर जबरदस्ती करीत नाही. रिम बदलावी, असे स्पष्ट सांगतो.

या कामाला वेळ लागतो, आणि घाईच्या कामाहून ते वेगळे दिसतही नाही. म्हणूनच गिऱ्हाईक त्याच्या मजुरीवरून घासाघीस करते. हे योग्य नव्हे. सैल करणे हासुद्धा दुरुस्तीचाच भाग आहे, हे ज्याला कळते, त्याची मजुरी कारणी लागलेली असते. आऊट काढून आणलेले चाक नुसते फिरवून पाहू नये. त्याच्या तारा एकदा छेडून ऐकाव्यात.