पाळणाघरातील सूत्रकृमी आणि घरातील संकोच

पाणी गाळून व उकळून पिणारे, सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणारे, कंदमुळांना स्वयंपाकघरात थारा न देणारे घर. आणि त्याच घरातील तीन-चार वर्षांचे मूल मध्यरात्री गुदद्वाराशी खाजवीत, रडत उठते. आईला तेथे पांढऱ्या सुताच्या तुकड्यासारखा बारीक, वळवळणारा जंत दिसतो. 'आपल्या घरात जंत?' हा पहिला उद्गार असतो. त्यामागोमाग लाज येते आणि ही गोष्ट पाळणाघराच्या संचालिकेला न सांगण्याचे ठरते. दुखणे लांबण्यास खरी सुरुवात येथे होते.

या जंतांना सूत्रकृमी म्हणतात. मादी सुमारे एक सेंटिमीटर लांब असते. मूल झोपले की ती आतड्यातून गुदद्वारापाशी उतरते व तेथील त्वचेवर हजारो अंडी घालते. त्यामुळे खाज सुटते. मूल खाजविते, अंडी नखांत अडकतात आणि तीच बोटे तोंडात जातात. घातलेली अंडी 4 ते 6 तासांत संसर्गक्षम होतात. पोटात गेलेल्या अंड्यांतून वाढलेली मादी साधारणतः एक-दोन महिन्यांत स्वतः अंडी घालू लागते. डोळ्यांना न दिसणारी ही अंडी चादर, चटई, खेळणी, दाराची कडी यांवर दोन-तीन आठवडेही टिकू शकतात.

हे ध्यानात घेतले की अनेक समजुती आपोआप गळून पडतात. पेढे-बर्फी खाल्ल्याने जंत होत नाहीत. कुत्र्या-मांजरांपासून सूत्रकृमी येत नाहीत; ते माणसाच्याच पोटात वाढतात. पाणी उकळणे हितकारक आहे, परंतु या कृमीचा मुख्य मार्ग पाण्याचा नसून बोटांचा आहे. एका सतरंजीवर झोपणारी, एकाच टोपलीतील ठोकळे हाताळणारी आणि अंगठा चोखणारी मुले जेथे एकत्र येतात, तेथे तो सहज पसरतो. त्यात घराच्या अस्वच्छतेचा वा मातेच्या हयगयीचा पुरावा शोधणे अन्यायाचे आहे.

शौचाच्या तपासणीत ही अंडी पुष्कळदा सापडत नाहीत. म्हणून सकाळी शौचास व स्नानास जाण्यापूर्वी गुदद्वाराजवळील त्वचेवर पारदर्शक चिकटपट्टी हलकेच दाबून ती तपासणीसाठी द्यावी, असे डॉक्टर सुचवितात. सलग तीन दिवस असे केल्यास निदान अधिक खात्रीचे होते.

उपचार सोपा आहे. चूक होते ती त्याच्या वेळापत्रकात. अल्बेंडाझोल किंवा मेबेंडाझोलसारखे औषध कृमी नष्ट करते, अंड्यांवर मात्र त्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा आवश्यक असते. शिवाय खाज नसली तरी घरातील सर्वांनी एकाच दिवशी औषध घ्यावयाचे असते. एकत्र कुटुंबात आजी-आजोबा, काका-काकू यांपैकी कोणी सुटले किंवा खरेदीसाठी परगावी गेलेल्या कर्त्या पुरुषाची मात्रा राहिली, तर फेरा पुन्हा सुरू होतो. उधारीची तारीख जशी वहीत टिपली जाते, तशी दुसऱ्या मात्रेची तारीखही टिपून ठेवावी. दोन वर्षांखालील बालके, गर्भवती व स्तनदा माता यांच्याबाबत डॉक्टरांच्या सल्ल्याविना औषध देऊ नये. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी अंगणवाड्यांत व शाळांत गोळी दिली जाते. ती मुलांना अवश्य द्यावी; तथापि त्या एका गोळीने सूत्रकृमीचा उपचार पूर्ण झाला, असे मानू नये.

औषधाने जीवहानी होते, या विचाराने काही श्रद्धाळू घरांत हात थबकतो. ती भावना आदरणीय आहे. परंतु उपचार टाळल्याने कृमींची संख्या घटत नाही. एका मुलाकडून दहा मुलांकडे जाऊन ती वाढते आणि मग दहा घरांत औषध घ्यावे लागते. जयणा पाळावयाची ती आधी, नखांच्या, हातांच्या व अंथरुणाच्या स्वच्छतेत. जे अंडे पोटात गेलेच नाही, त्यासाठी औषधाची वेळच येत नाही.

ही जयणा घर आणि पाळणाघर या दोघांनी मिळून पाळावी. मुलांची नखे बारीक कापलेली असावीत. शौचानंतर व खाऊपूर्वी साबणाने, नखांपर्यंत चोळून हात धुवावेत. उपचाराच्या काळात मुलाला सकाळी उठताच स्नान घालावे व अंतर्वस्त्र बदलावे. चादरी झटकू नयेत, कारण त्याने अंडी उडून सर्वत्र पसरतात. त्या गुंडाळून उचलाव्यात, गरम पाण्यात धुवाव्यात व उन्हात वाळवाव्यात. कोरड्या केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसावी. प्रत्येक मुलाचे अंथरूण व टॉवेल स्वतंत्र असावेत आणि खेळणी वरचेवर धुवावीत. लंगोट बदलणाऱ्या सेविकेने प्रत्येक वेळी हात धुतल्याखेरीज खाऊच्या डब्यास स्पर्श करू नये. पहिली मात्रा, स्नान व नखे कापणे झाल्यावर मुलाला पाळणाघरात पाठविण्यास हरकत नसते. त्याला आठवडेच्या आठवडे घरी कोंडणे निरर्थक होय.

जंत आढळल्याच्या दिवशीच संचालिकेला कळवावे. तिनेही मुलाचे नाव न घेता सर्व पालकांना एकाच मजकुराची चिठ्ठी द्यावी: पाळणाघरात सूत्रकृमी आढळले आहेत, मुलांकडे लक्ष द्यावे, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि उपचार करावयाचा झाल्यास शक्यतो सर्वांनी एकाच आठवड्यात करावा. अशी चिठ्ठी हाती आल्यावर 'हे कोणाच्या मुलामुळे झाले?' ही चौकशी मात्र कोणी करू नये. ती चौकशी झाली, तर पुढच्या वेळी कोणतीही माता तोंड उघडणार नाही.