‘डी.ओ.च का?’

अमेरिकेत राहणारी तुमची भाची किंवा पुतण्या ऑस्टिओपथीच्या प्रवेश-मुलाखतीला निघाला असेल, तर एवढे जरूर सांगा. १८९२ साली डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी मिसुरी राज्यात कर्क्सव्हिल येथे या शाखेचे पहिले महाविद्यालय काढले. आज तेथील ५०ही राज्यांत डी.ओ. पदवीधराला एम.डी.प्रमाणेच औषधे देण्याचा, शस्त्रक्रिया करण्याचा अधिकार आहे. शिवाय हाडे-स्नायूंवर हातांनी करायचे उपचारही त्याला शिकवतात.

मुलाखतीत ‘डी.ओ.च का?’ हा प्रश्न बहुधा येतोच. पाठ केलेले उत्तर तिथे लगेच उघडे पडते. त्यापेक्षा आधी काही दिवस एखाद्या डी.ओ. डॉक्टरांचे काम जवळून पाहावे आणि जे पाहिले, तेच सांगावे. आणि घरच्यांनो, या पदवीला ‘दुय्यम’ म्हणू नका. मुलांचा धीर तिथेच खचतो!