बॅटरीचे पाणी आणि शिशाचा धूर

विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा ई-रिक्षाच्या सीटखालच्या बॅटऱ्यांचीही परीक्षा सुरू होते. गाडीत सर्वांत महाग झिजणारा भाग हाच. कर्जाचा हप्ता फिटण्याआधी नवा संच घ्यावा लागला, तर पेट्रोलवर वाचलेले पैसे त्यातच जातात. दोष सहसा कंपनीच्या माथी मारला जातो. कधी तो खराही असतो. पण कित्येक बॅटऱ्या केवळ हेळसांडीने अकाली जातात.

आजही अनेक ई-रिक्षा शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांवर धावतात. अशी बॅटरी उतरत जाते तसे तिच्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे बारीक कण बसतात. लगेच चार्जिंग केले की त्यांचे पुन्हा शिसे आणि आम्ल होते. बॅटरी उतरलेलीच ठेवली, तर तेच कण मोठे आणि टणक होतात. मग चार्जर रात्रभर लावला तरी तेवढी प्लेट कायमची निकामी. म्हणून धंदा संपला की त्याच रात्री चार्जिंग. ‘सकाळी लावू’ ही सवय महाग पडते.

मीटरही फसवते. प्रत्येकी १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या म्हणजे ४८, हा हिशेब डोक्यात असल्याने मीटरवर ४८ दिसले की चालक निर्धास्त होतो. प्रत्यक्षात पूर्ण भरलेला संच गाडी थोडा वेळ उभी राहिल्यावरही ५० व्होल्टच्या वर असतो. उभ्या गाडीत ४८ दिसले, तर चार्ज निम्म्याच्याही खाली गेलेला असतो. रोज तळाला जाऊन येणारी बॅटरी लवकर थकते. दुपारी जेवणाच्या वेळी तासभर चार्जिंग मिळाले तरी तिला आधार होतो. नियमाने चार सवाऱ्या आणि ४० किलो सामान एवढीच मुभा आहे. सहा-सात जण कोंबले, टायरमध्ये हवा कमी असली, की हा तळ लवकर येतो.

आता पाणी. चार्जिंगच्या वेळी पाण्याचे विघटन होऊन ते कमी होते, उन्हाळ्यात अधिकच. प्लेटा उघड्या पडल्या की तो भाग गेला. त्यामुळे आठवड्यातून एकदा झाकणे उघडून पाहावे आणि चार्जिंग झाल्यावर डिस्टिल्ड वॉटरच घालावे. नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यातील क्षार प्लेटांना मारक ठरतात. ॲसिड तर वरून कधीच घालू नये. पाणी उडते, ॲसिड आतच राहते. चारांपैकी एकच बॅटरी बदलण्याची काटकसरही फसवी आहे. त्या साखळीने जोडलेल्या असतात आणि जुन्या तिघी नवीला आपल्या पातळीवर ओढतात.

चार्जिंगमध्ये पाण्यातून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले की ठिणगी पुरते. एका खोलीत कुटुंब झोपलेले आणि दाराआड चार्जर सुरू, हे चित्र म्हणूनच धोक्याचे. जागा मोकळ्या हवेची हवी आणि बिडी लांब.

अकाली गेलेली बॅटरी पुढे कुठे जाते, याकडे आपण फारसे पाहत नाही. ‘युनिसेफ’ आणि ‘प्युअर अर्थ’ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील तीनपैकी एका मुलाच्या रक्तात शिसे चिंताजनक पातळीवर आहे, आणि उघड्यावर बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणे हे त्याचे एक मोठे कारण. मुलांचे शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शिसे शोषते, आणि मेंदूला झालेली हानी भरून येत नाही. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तरीही भंगारवाला रोख देतो म्हणून बॅटरी त्याच्याकडे जाते. अधिकृत विक्रेत्याने परतीचा भाव स्पष्ट लिहून लावला, तर हा ओघ वळू शकतो.

ई-रिक्षाच्या परवान्यासाठी किमान दहा दिवसांचे प्रशिक्षण लागते. त्यातील एक दिवस बॅटरीला द्यायला परिवहन विभागाची हरकत नसावी. भाड्याने रिक्षा देणाऱ्या मालकांनाही त्या दिवशी बोलवावे. चालकाला वाटते बॅटरी मालकाची, मालकाला वाटते पाणी चालक बघेल. आणि झाकण कोणीच उघडत नाही.