परीक्षा घ्या, असे म्हणाली कोण?

माउली, गोरोबाकाकांना आपण तेरढोकीचे म्हणतो. तेव्हा हा प्रश्न आधी ढोकीकरांना आणि मग सगळ्यांना. संतांच्या मेळ्यात कच्चे मडके कोणते हे पाहायला थापटणे काकांच्या हाती होते, पण परीक्षा घ्या असे म्हणाली कोण? मुक्ताबाई. वयाने धाकटी. नामदेवराय रुसले, तरी निकाल फिरला नाही. त्यांना विसोबा खेचरांकडे जावे लागले. कीर्तनात ही कथा आपण डोलत ऐकतो. मग गावचा तंटा मिटवायला बसतो, तेव्हा बायांना घरी का ठेवतो?

२००७ साली तंटामुक्त गाव मोहीम आली. समितीवर बायांची नावे लागली, पण किती ठिकाणी त्यांचे काम सहीपुढे गेले, ते आपापल्या गावात आठवून पाहा.

बाया घरचे सांभाळतात, त्यांना बाहेरचे काय कळणार, असे म्हणणाऱ्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवावी. भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या गावागावांत ‘संवाद सहायक’ म्हणून याच बाया उभ्या राहिल्या. घर पुन्हा पडू नये म्हणून दुरुस्ती कशी करायची, हे त्यांनी दारोदार समजावले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा १३२५ क्रमांकाचा ठराव, शांततेच्या बोलणीत बायांना जागा द्या म्हणणारा, त्यानंतर २००० साली झाला.

आता दारूचे. निम्मे तंटे तिथूनच निघतात, हे पोलीसपाटलाला विचारायची गरज नाही. गावातले परवान्याचे दुकान बायांच्या मतदानाने बंद करता येते. पण अट अशी की, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले पाहिजे. म्हणजे जी घरी राहिली, तिचे मत आपोआप उभ्या बाटलीला! आमदार व्हायलासुद्धा एवढी कडक अट नाही. माळकरी पीत नाही, हे खरे. पण त्या दिवशी सुनेला ‘तू कशाला पुढे पुढे करतेस’ म्हणणारा माळकरी काय करतो? दुकान राखतो. हे बोचेल, पण माळेची आण फक्त आपल्या घशापुरती नसते.

एकादशीच्या बैठकीला सतरंजी अंथरायला बाया येतातच. या खेपेला त्यांनी उठून जाऊ नये, असे विणेकऱ्यांनी सर्वांदेखत सांगावे, आणि पहिला तंटा त्यांनाच मांडू द्यावा.