पुड्यामागचा वाटा

15 ऑक्टोबर 2025 रोजी गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर माओवादी नेता भूपतीने 60 साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवली. त्यांत इन्सास रायफली होत्या. इन्सास आपल्याच आयुध निर्माणीत तयार होते आणि सरकारी हातातून निसटल्याखेरीज दलमपर्यंत, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीपर्यंत, पोहोचत नाही. नक्षलवाद्यांची बंदूक परदेशातून येते, ही पारावरची आवडती समजूत. प्रत्यक्षात त्यांचा मोठा पुरवठादार सरकारच होते. फेब्रुवारी 2006 मध्ये छत्तीसगडमधील बैलाडिल्याकडच्या हिरोलीत एनएमडीसी या सरकारी खाण कंपनीच्या कोठारातून टनावारी स्फोटके लुटली गेली. 2008 मध्ये ओडिशातील नयागढला तर पोलिसांचे शस्त्रागारच लुटले गेले.

पण लुटीच्या बंदुकीवर दलमचे पोट भरत नाही. तांदूळ, औषधे, कापड, बॅटऱ्या विकत घ्याव्या लागतात आणि त्यासाठी रोकड लागते. ती आली बिडीसाठीच्या तेंदूच्या पानांतून. 70 पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाणित गोणी. उन्हाळ्यातले ते काही आठवडे अख्खे गाव पहाटे जंगलात असते आणि दुपारनंतर फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर. मजुरी रोखीने वाटायची, म्हणून एरवी शंभराची नोट मोडायला अवघड अशा मुलखात याच काळात नोटांच्या थैल्या फिरतात. त्यातली एखादी भलतीकडे वळली, तरी कोणाच्या डोळ्यांवर येणार? ठेकेदार लिलावात बोली लावतानाच दलमचा हा वाटा हिशेबात धरतो. बदल्यात त्याची फळी पेटत नाही, ट्रक सुखरूप निघतो.

यातली गंमत कडू आहे. 1980 मध्ये गोदावरी ओलांडून आलेल्या नक्षली तुकड्यांनी पाय रोवले ते पुड्याचा दर वाढवून मागत, याच ठेकेदारांविरुद्ध. दर वाढलाही, ते श्रेय नाकारता येणार नाही. पुढे मात्र चळवळ ठेकेदाराच्या नफ्यात वाटेकरी झाली, आणि वाटेकऱ्याला धंदा बंद पडून चालत नाही. रस्त्याच्या कामांचेही तेच. 1 मे 2019 च्या पहाटे कुरखेडा तालुक्यात दादापूरला कामावरची वाहने जाळली गेली. त्याच दिवशी जांभूळखेड्याच्या स्फोटात 15 पोलीस गेले. जळालेल्या यंत्रांचे सांगाडे पाहिलेला ठेकेदार पुढच्या वेळी फार घासाघीस करत नसावा.

कायदा या बाबतीत कडक आहे. यूएपीए या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या कलम 17 खाली दहशतवादी कृत्यासाठी पैसा पुरवणाऱ्याला किमान पाच वर्षांची शिक्षा आहे. पण चर्चेत येतो तो रोकड पोहोचवणारा पोऱ्या किंवा भात शिजवून देणारी बाई. धाकाने दिले, ही सबब ठेकेदाराला जितकी सहज मिळते, तितकी रात्री दारात बंदूक उभी राहिलेल्या त्या बाईला मिळत नाही.

आता दलम विरळ झाले आहेत. आदिवासी भागांतील ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा आणि वनहक्क कायदा यांमुळे गडचिरोली जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदू स्वतः विकतात, पैसा ग्रामसभेच्या खात्यात येतो. जंगलातला वाटेकरी गेला असेल, तर त्याचा वाटा कुठेतरी शिल्लक राहायला हवा. तो पुड्याच्या दरात दिसतो की व्यापाऱ्याच्या खिशात मुरतो, हे येत्या हंगामातल्या लिलावांचे आकडे जिल्हा प्रशासनाने गावनिहाय जाहीर केले तर कळेल.